संप गुन्हा ठरला तेव्हा

सोलापुरात धरणं कुणाचंही असो, जागा ठरलेली असते. जिल्हा परिषदेचं पूनम गेट. अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक, विडी कामगार, सगळे इथेच येऊन बसतात. १४ मार्च २०२३ला राज्यातल्या सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी बेमुदत संप सुरू केला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांचं निवृत्तिवेतन गेलं होतं, ते त्यांना परत हवं होतं. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तोवर जिल्ह्याजिल्ह्यांत पाठ झाली होती.

त्याच दिवशी मुंबईत विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केलं. महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण, म्हणजे आपण ज्याला 'मेस्मा' म्हणतो तो कायदा. आधीच्या कायद्याची मुदत नुकतीच संपली होती, म्हणून तो नव्याने आणला गेला. या कायद्याखाली सरकारने एखाद्या सेवेतल्या संपाला मनाई केली, की त्यात भाग घेणारा गुन्हेगार ठरतो, संपाला चिथावणी देणाराही. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मागणी रास्त आहे की गैर, हा प्रश्न या कायद्याला पडतच नाही.

हा कायदा २०२३मध्ये आकाशातून पडलेला नाही. त्याची वंशावळ जवळजवळ शंभर वर्षांची आहे, आणि त्याला झालेला विरोधही तितकाच जुना आहे. ती गोष्ट सोलापूरकरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण या शहराने कामगाराभोवती घातलेलं कायद्याचं कुंपण अक्षरशः तारेचं पाहिलं आहे.

पन्नास रुपये किंवा एक महिना

सुरुवात १९२९पासून करावी लागते. १९२८मध्ये मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. कामगार संघटनांची ताकद सरकारच्या डोळ्यांवर आली होती. इंग्लंडमध्ये १९२६च्या सार्वत्रिक संपानंतर तिथल्या सरकारने १९२७ साली संपांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. त्याच वळणावर हिंदुस्थान सरकारने 'ट्रेड डिस्प्यूट्स' विधेयक आणलं. त्यात रेल्वे, टपाल-तार, दिवाबत्ती, पाणीपुरवठा आणि सफाई अशा लोकोपयोगी सेवांसाठी वेगळं कलम होतं. या सेवेतल्या नोकराने चौदा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय काम थांबवलं, तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड.

त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १९२५ साली, १८५९चा एक जुना कायदा रद्द झाला होता. करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला त्या कायद्याने तुरुंगात घालता येई. एक बेडी निघाली आणि लगेच दुसरी घडवली गेली. मध्यवर्ती कायदेमंडळात ना. म. जोशी यांनी या विधेयकाविरुद्ध बाजू मांडली. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या त्या सभागृहात बाँब टाकले, ते याच विधेयकाचा निकाल जाहीर होण्याच्या वेळी. शाळेच्या पुस्तकात बाँब येतो. तो कोणत्या कायद्याच्या विरोधात होता, हे मात्र बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

हे कलम सोलापूरच्या दारातलं होतं. मुंबई-रायचूर मार्गावरचं हे मोठं स्टेशन. ही जी.आय.पी. रेल्वे १ जुलै १९२५पासून सरकारच्या ताब्यात आली होती. त्यामुळे गँगमनपासून फायरमनपर्यंत सगळे सरकारचे नोकर झाले होते. १९३०च्या फेब्रुवारीत याच जी.आय.पी.वर मोठा संप झाला.

कुंपणातलं शहर

मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरावर इंग्रजी सत्ता उरली नाही. १२ मेला मार्शल लॉ आला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना खटला चालवून १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं गेलं. यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' हे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. चार पुतळ्यांना आपण दरवर्षी हार घालतो. त्यांतला एक कामगार चळवळीतला माणूस होता, हे त्या वेळी आठवावं.

याच शहरात सेटलमेंट होती. १८७७ची जुनी गिरणी, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांना हात हवे होते. 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारलेल्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवून त्यांतल्या स्त्री-पुरुषांना गिरण्यांत कामाला पाठवलं जाई. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर राहायचं नाही. अशा माणसाने काम थांबवलं, तर तो संपकरी ठरत नसे. तो पळालेला ठरे. १९५२मध्ये देशभर गुन्हेगार जमातींचा तो कायदा गेला, तारा गेल्या. आज 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता पोस्टमन रोज वाचतो. त्या 'फ्री' शब्दात सगळा इतिहास आहे.

नकार देता येत नसेल, तर काम आणि वेठ यांत फरक काय उरतो, हा प्रश्न सोलापूरला कधी पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९३८ : बाबासाहेबांचा प्रश्न

हाच प्रश्न १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत उभा राहिला. १९३७च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं होतं. कामगार खात्याचे संसदीय सचिव गुलझारीलाल नंदा होते. विरोधी बाजूला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता, आणि त्याच्या आमदारांत सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळेही होते. १९३८च्या जानेवारीत सोलापूर नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिलं. पुढच्याच महिन्यात मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं त्यांनी तिथे सांगितलं. रेल्वेतल्या गँगमनला वरची जागा का मिळत नाही आणि गिरणीच्या विणकाम खात्यात दलिताला प्रवेश का नाही, हे ते आकडेवारीत न अडकता थेट बोलत.

सप्टेंबर १९३८मध्ये सरकारने औद्योगिक कलह विधेयक मांडलं. त्याची रचना अशी : मजुरी किंवा कामाच्या अटी बदलायच्या तर आधी नोटीस, मग सक्तीची समेट-प्रक्रिया. ती पुरी होईपर्यंत संप बेकायदा. बेकायदा संपाला शिक्षा. कोणत्या युनियनने कामगारांच्या वतीने बोलायचं हेही कायदा ठरवणार, आणि मालकाची मान्यता असलेल्या युनियनला त्यात सोपी वाट.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नंदा अहमदाबादच्या मजूर महाजनात तयार झालेले. तिथे गांधीजींच्या प्रेरणेने लवादाची परंपरा रुजली होती. संपात मजुराची चूल आधी विझते, मालकाची नाही. मग आधी बोलणी सक्तीची का करू नयेत? हा विचार अनेक सज्जनांना पटला होता.

बाबासाहेबांनी १५ सप्टेंबरच्या भाषणात नेमकं याच्या मुळावर बोट ठेवलं. त्यांचा मुद्दा वकिली होता आणि माणुसकीचाही. संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग. करार मोडला तर दिवाणी दावा लावा, नुकसानभरपाई मागा. कराराचा भंग हा फौजदारी गुन्हा कायदा सहसा मानत नाही, कारण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला शिक्षेच्या धाकाने भाग पाडणं याचंच नाव गुलामी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असं त्यांचं म्हणणं. हे विधेयक कामगारांचं नागरी स्वातंत्र्य तहकूब करणारं आहे, असं नावच त्यांनी त्याला दिलं. बोलणी व्हावीत याला त्यांचा विरोध नव्हता. एका बाजूच्या हातातलं एकमेव साधन काढून घेऊन मग तिला टेबलावर बसवायचं, याला होता.

विधेयक नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झालं. ७ नोव्हेंबर १९३८ला एक दिवसाचा संप पुकारला गेला. आंबेडकर, जमनादास मेहता, डांगे, परुळेकर, मिरजकर हे एरवी एकमेकांवर कडाडून टीका करणारे नेते त्या दिवशी एकत्र होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे स्वयंसेवक आणि लाल बावट्याचे कार्यकर्ते गिरण्यांच्या फाटकांवर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. संध्याकाळी कामगार मैदानावर माणसांचा समुद्र लोटला. महाराष्ट्रातल्या दलित आणि कम्युनिस्ट चळवळी पुढे दुरावल्या हे दुःख मोठं आहे, पण त्या एकत्र येऊ शकतात याचा पुरावा इतिहासात आहे, आणि तो संपावर बंदी घालणाऱ्या कायद्याने दिलेला आहे.

कायदा मात्र झालाच. तो गिरण्यांना लागू झाला, सोलापूरच्याही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्याची जागा घेतली, आणि एकाच प्रातिनिधिक युनियनची मक्तेदारी पक्की झाली. जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा तो कायदा रद्द करा ही त्यांची एक मुख्य मागणी होती.

स्वराज्यातला वटहुकूम

स्वातंत्र्य आलं. घटनेच्या १९व्या कलमाने संघटना स्थापन करण्याचा हक्क दिला, पण संपाचा शब्द त्यात नव्हता. सरकारी नोकरांचा पहिला मोठा सामना १९६०मध्ये झाला. दुसऱ्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्यांची निराशा केली होती. महागाईची भरपाई आणि गरजेवर आधारलेलं किमान वेतन या मागण्यांसाठी ११ जुलैच्या मध्यरात्री रेल्वे, टपाल आणि संरक्षण कारखान्यांतले कर्मचारी संपावर गेले. एस. एम. जोशी, नाथ पै ही आपली माणसं आघाडीवर होती. सरकारने तीन दिवस आधीच अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढून ठेवला होता. पाच दिवसांत संप संपला, हजारो लोक अटकेत गेले. केंद्रात कामगारमंत्री तेव्हा गुलझारीलाल नंदाच होते.

या संपातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. १९६६मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. तीत पगार, कामाचे तास आणि रजा या विषयांवर मतभेद राहिला तर लवादाकडे जायची सोय आहे. हारलेल्या संपाचंही देणं असतं. ते वाटाघाटीच्या टेबलाच्या रूपाने मिळालं.

१९७४च्या मे महिन्यात रेल्वेचे सतरा लाख कर्मचारी संपावर गेले. सोलापूर विभाग तेव्हा दक्षिण मध्य रेल्वेत होता. जॉर्ज फर्नांडिस यांना बोलणी चालू असतानाच २ मेला अटक झाली. ८ मेला सुरू झालेला संप वीस दिवसांत मोडला. नोकरी गेलेल्यांना जनता सरकारने १९७७ नंतर परत घेतलं.

मग १४ डिसेंबर १९७७. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता द्या, एवढी साधी मागणी घेऊन महाराष्ट्राचे राज्य सरकारी कर्मचारी आणि शिक्षक र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. संप चोपन्न दिवस चालला. दोन पगार बुडाले की तालुक्याच्या गावात राहणाऱ्या कारकुनाच्या घरात काय होतं, याची कल्पना करा : किराणा दुकानदाराची वही भरते, मुलांची फी अडते, बायकोच्या पाटल्या पेढीवर जातात. आणि तरीही माणूस सही करायला जात नाही. संप संपला तेव्हा हातात काही नव्हतं. पुढे पुलोद सरकारच्या काळात केंद्राच्या दराने भत्ता मान्य झाला. आज राज्यातल्या प्रत्येक सरकारी पगारपत्रकावर महागाई भत्त्याची जी ओळ असते, तिच्यामागे ते चोपन्न दिवस आहेत.

२००३मध्ये तामिळनाडूत जयललिता सरकारने संपावर गेलेल्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक असा कोणताच हक्क नाही, असा निकाल आला. बहुतेकांना नोकरी परत मिळाली, पण निकालातलं ते वाक्य तेव्हापासून प्रत्येक संपाच्या डोक्यावर टांगलेलं आहे.

मानधन सेविकेचं, बडगा नोकराचा

या सगळ्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, जिथे विरोध जिंकला. तो अंगणवाडीतल्या बायकांचा आहे.

अंगणवाडी सेविका सकाळी दार उघडते. मुलांना बसवते, शिकवते, खाऊ घालते. गरोदर बायकांची नोंद, बाळाचं वजन, दंडाचा घेर, लसीकरणाची यादी, निवडणूक आली की त्याचंही काम. यासाठी तिला पगार मिळत नाही, मानधन मिळतं. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, असं सरकारचं म्हणणं. २०१७ साली हे मानधन सेविकेला महिना पाच हजार आणि मदतनिसाला अडीच हजार रुपये होतं. त्या सप्टेंबरमध्ये राज्यातल्या सुमारे दोन लाख सेविका-मदतनिसांनी संप केला. तो सव्वीस दिवस चालला आणि मानधन थोडं वाढलं.

पुढच्या मार्चमध्ये सरकारने त्यांना 'मेस्मा' लावला. पेन्शन मागताना जी कर्मचारी नव्हती, ती संप करताना एकदम अत्यावश्यक सेवेतली ठरली. यातला अन्याय समजायला वकील लागत नव्हता. विधानसभेत सगळ्या बाजूंनी विरोध उठला, सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेही कामकाज चालू दिलं नाही. २२ मार्च २०१८ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर बसलेल्या बायकांनी तो थांबवायला लावला. पुढे एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं मान्य केलं.

तेच चौदा दिवस

मार्च २०२३चा संप सात दिवसांनी, २० मार्चला मागे घेतला गेला. सरकारने समिती नेमली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने निश्चित निवृत्तिवेतनाची एकीकृत योजना जाहीर केली आणि महाराष्ट्राने ती लगेच स्वीकारली. जुनी पेन्शन पूर्ण मिळाली नाही. पण 'परवडत नाही' हे उत्तर ज्या प्रश्नाला वीस वर्षं मिळत होतं, त्याला निदान अर्धं उत्तर द्यावं लागलं.

दवाखान्यात पडलेल्या रुग्णाचं काय, परीक्षेला बसलेल्या मुलाचं काय, हा सवाल खरा आहे आणि तो टाळू नये. मार्च हा परीक्षांचा महिना, संपाची झळ गरिबाच्या मुलाला आधी लागते. पण याचं उत्तर जगाने शोधलं आहे. जिथे संप रोखायचा, तिथे दोन्ही बाजूंना बांधणारा, वेळेत निकाल देणारा लवाद द्यायचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार संघटना आणि सामूहिक वाटाघाटींचा हक्क मानतात. भारताने ते आजवर मान्य केलेले नाहीत, आणि त्यासाठी सांगितलं जाणारं कारण म्हणजे सरकारी नोकरांना ते हक्क द्यावे लागतील. अमेरिकेत २०११मध्ये विस्कॉन्सिन राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांचा वाटाघाटींचा हक्क छाटला, तेव्हा शिक्षकांनी आणि परिचारिकांनी तिथल्या विधानभवनात मुक्काम ठोकला होता. प्रश्न फक्त आपला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते. समेटाची बोलणी सुरू असली, तर तोवर संप बेकायदा. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर तोही संपच धरला जाणार. १९२९ साली इंग्रजांनी रेल्वे, टपाल आणि पाणीपुरवठ्यातल्या नोकरांना जी अट घातली होती, तीच शहाण्णव वर्षांनी यंत्रमागावरच्या कामगारापर्यंत पोचली. सरकारी नोकराचा हक्क काढला जातो तेव्हा बाकीचे गप्प बसतात, कारण त्याची नोकरी पक्की असते, त्याला पगार बरा असतो. त्या गप्प बसण्याची ही किंमत आहे.

सोलापूरकरांनो, पुढच्या वेळी पूनम गेटवरून जाताना तिथे उन्हात बसलेली माणसं दिसतील. त्यांची मागणी तुम्हाला पटो किंवा न पटो, त्यांच्या तिथे बसण्याच्या हक्कावर कुणी कायदा आणत असेल, तर त्या दिवशी दोन मिनिटं थांबा आणि त्यांच्या बाजूला उभे राहा.